फी ३०० रुपये, सुई नाही: घसा दुखतोय म्हणून जायचा एक दवाखाना

सुई टोचून घेतल्याशिवाय ज्यांना दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही, त्यांनी सोलापुरात होटगी रोडकडच्या या डॉक्टर मॅडमकडे जाऊ नये. ३०० रुपये फी घेतात, घसा बघतात, मान चाचपतात, प्रश्न विचारतात आणि बऱ्याच वेळा नुसती पॅरासिटामॉल लिहून घरी पाठवतात. आमच्या गाळ्यावरच्या एका हमालाला मीच तिकडं पाठवलं होतं. बाहेर पडल्या पडल्या त्याचा फोन आला, "कुठं पाठवलं बे तू? तीनशे रुपये घेतलं अन् मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा म्हणाली!" त्यानं सांगितलं त्यात खोटं काही नाही. तरी मी पाचपैकी चार देतोय.

मी मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर लिलाव पुकारतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं कांद्याची आवक काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको, हैदराबाद रोडला गाड्यांची रांग लागते. व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून ओरडायचं, आणि ओरडताना तोंडात जायची ती कांद्याच्या टरफलांची धूळ. घसा धरणं, आवाज बसणं हे आमच्या धंद्यात नवीन नाही. त्यामुळं घशाच्या बाबतीत मी गावातले बरेच दवाखाने बघितलेत, आणि बहुतेक ठिकाणी एकच पद्धत. "काय होतंय?" "घसा." संपलं. तोंड उघडायला सांगत नाहीत. कमरेत एक सुई, तीन गोळ्यांची अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी, एक पित्ताची गोळी, एक लाल सिरप. तोंड न उघडता घशाला औषध देणं म्हणजे गोणी न ओतता कांद्याला भाव देणं. आमच्याकडं असं कोणी केलं तर शेतकरी गळपट्टी धरेल.

त्या सुईनं बरं वाटतं, हे मान्य. रात्री टोचली की सकाळी आवाज मोकळा. पण मला शुगर आहे, आणि अशी सुई घेतली की पुढचे काही दिवस शुगर चढलेली असायची. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "सुईत काय होतं, त्यांनी सांगितलं का?" कुठून सांगणार! चिठ्ठीवर नुसतं 'इंज.' आणि पुढं एक वळवळ. त्यांचं म्हणणं, तसल्या सुईत बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं सूज आणि दुखणं तात्पुरतं उतरतं, मूळ आजाराचं काही होत नाही, आणि शुगरवाल्याची शुगर वाढते ती त्यानंच.

आता तपासणी, कारण पैसे खरे तिथंच वसूल होतात. डोक्याला लावायचा दिवा आहे, मोबाइलची बॅटरी मारत नाहीत. लाकडी पट्टी आपल्यासमोर पाकीट फोडून काढतात. ती जिभेच्या पार मागं खुपसत नाहीत, मधल्या भागावर दाबतात, त्यामुळं उमासा येत नाही. 'आ' म्हणायला लावतात आणि पडजीभ सरळ वर जाते की एका बाजूला सरकते ते बघतात. सरकली तर टॉन्सिलच्या मागं पू धरल्याची शंका येते म्हणे. मग दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली ठेवून मान खालपर्यंत चाचपतात. कान बघतात, छाती ऐकतात, थर्मामीटर लावतात. 'अंग गरम होतं' यावर भागवत नाहीत. माझ्या गालांच्या आतून पट्टी फिरवली आणि विचारलं, "मावा?" म्हणालो, सोडला. "कधी?" "दिवाळीला." काही बोलल्या नाहीत, दोन्ही गाल परत एकदा बघितले. मग म्हणाल्या, आवाज बसलेला तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसावाल्याकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्यायचं, तिथं चालढकल नको. मावा-तंबाखूवाल्यानं तर नकोच.

मग घशाला अँटिबायोटिक लागेल का ते ठरवायला केसपेपरवर गुण मांडले. खरंच गुण. ताप १००.४ च्या वर असेल तर एक. टॉन्सिल सुजून त्यावर पांढरा थर किंवा ठिपके असतील तर एक. मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखत असतील तर एक. आणि खोकला नसेल तर एक. हे चौथं मला उलटं वाटलं. आपण खोकला आला की जास्त घाबरतो, इथं खोकला नसला की गुण वाढतो. त्याचं कारण सोपं आहे: सर्दी, खोकला, नाक गळणं, आवाज बसणं हे सगळं व्हायरसचं लक्षण. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जो जंतू अँटिबायोटिकनं मारायचा असतो, तो शक्यतो खोकला घेऊन येत नाही. ही मोजणी अमेरिकेतल्या रॉबर्ट सेंटर या डॉक्टरांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांसाठी मांडली. पुढं कॅनडातल्या मॅकआयझॅक यांनी त्यात वय घातलं: ३ ते १४ वर्षांच्या पोराला एक गुण जास्त, ४५ च्या पुढच्याला एक कमी.

मी ४७ चा. ताप नाही, खोकला आहे, टॉन्सिल नुसती लाल, गाठी नाहीत. गुण आले वजा एक. शाळेत गणितात भोपळा घेतला होता, पण त्याच्याही खाली जाता येतं हे माहीत नव्हतं.

मॅडमनी सांगितलं, मोठ्या माणसांत घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणं व्हायरसची. हा स्ट्रेप्टोकोकस शंभरात पाच ते पंधरा जणांत सापडतो. मुलांत जास्त, वीस ते तीस. व्हायरसवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. मी म्हणालो, "मॅडम, माझा घसा म्हणजे माझी रोजी. लवकर बरं व्हायचंय, दोन गोळ्या जास्त द्या की." त्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सगळ्या घसादुखीवाल्यांचा हिशोब काढला तर अँटिबायोटिकनं दुखणं सरासरी सोळा तास लवकर थांबतं, आणि तुमच्यासारख्या वजा एकवाल्याला तेवढेही मिळणार नाहीत. जुलाब मात्र मिळतील. आठवड्याभरात हे आपोआप जातं.

औषध मिळालं ते असं: पॅरासिटामॉल गरजेपुरती, अर्धा चमचा मीठ ग्लासभर कोमट पाण्यात टाकून गुळण्या, पाणी भरपूर, आणि बोलणं बंद. मी लगेच कुजबुजायला लागलो, तर म्हणाल्या तेही नको, कुजबुजण्यानं घशावर ताण पडतोच. बोलायचंच असेल तर हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. धुळीत तोंडाला उपरणं बांधायला सांगितलं. मी विचारलं, उपरणं बांधून लिलाव कसा पुकारू? हसल्या. "मग दुसऱ्याला पुकारायला लावा." ते काही सोपं नव्हतं, पण आडत्यानं ऐकलं, त्याच्या पोरानं पुकारलं. त्या दिवसांत कडक भाकरीचा घास घशातून उतरत नव्हता, शेंगाचटणीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी. आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली. आठवड्याच्या आत मी परत फळीवर उभा.

पण या दवाखान्याला मी मानतो ते माझ्या घशामुळं नाही, पोरीमुळं.

धाकटी दुसरीत आहे. गड्ड्याच्या यात्रेत तिला होम मैदानावर नेलं होतं. पाळणे झाले, भेळ झाली, बर्फाचा गोळा झाला. नंतर एका संध्याकाळी अंग तापलं, १०२. थुंकी गिळायलाही रडायला लागली. पोट दुखतंय म्हणाली, एकदा उलटी केली. सर्दी नाही, खोकला नाही. आई म्हणाली, गोळा बाधला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की गोळा मीच गोठवला होता.

मॅडमनी तोच दिवा, तीच पट्टी. पोरगी तोंड उघडेना, तर तिला म्हणाल्या, "पळून आल्यासारखी धाप टाक बघू." ती धाप टाकायला लागली तसं तोंड उघडं राहिलं आणि जीभ खाली गेली. मला पण बोलावून दाखवलं: दोन्ही टॉन्सिल लालबुंद, त्यांवर पांढरे ठिपके, टाळूवर बारीक लाल टिपके. जबड्याखाली बोट लावलं की पोरगी कळवळायची. ताप एक, ठिपके एक, गाठी एक, खोकला नाही एक, वयाचा एक. पाचपैकी पाच.

मला वाटलं आता अँटिबायोटिक लिहितील. नाही लिहिलं. म्हणाल्या, पाच गुण आले तरी स्ट्रेप्टोकोकस निघतो साधारण निम्म्या मुलांत. उरलेल्या निम्म्यांना उगाच औषध कशाला. लांब काडीचा कापूस दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर फिरवला, जीभ-गाल कुठं लागू दिलं नाही, नळीत घालून लॅबला. ही काडी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच फिरवायची असते, एकदा गोळी पोटात गेली की जंतू असून वाढत नाही आणि रिपोर्ट खोटा येतो. झटपट सांगणारी किटही असते, पण यांच्याकडं ती नाही, कल्चरच करतात, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात. त्याला एक-दोन दिवस लागतात आणि लॅबचे पैसे वेगळे.

बायको तर कासावीस झाली. पोरगी तापलेली आणि दोन दिवस थांबायचं? मॅडमनी खुर्ची पुढं ओढून समजावलं. या जंतूची खरी भीती घशाची नाही. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो, आणि तो हृदयाच्या झडपा खराब करू शकतो. आपल्या देशात हे अजून आहे. पण दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध चालू केलं तरी तो टाळता येतो, म्हणून रिपोर्टसाठी थांबण्यात धोका नाही. तोवर तापाचं औषध वजनावर, आणि ऍस्पिरिन मुलांना अजिबात नाही. मला हे चटकन पटलं, कारण आमच्या गल्लीतल्या एका बाईची झडप बदलायला लागली, आणि तिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा हे सगळ्यांना माहीत आहे.

रिपोर्ट आला: ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. मग लिहिलं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच घरातलं, वजन करून, दहा दिवस. आधी दोनदा विचारलं, पेनिसिलिन किंवा तसल्या औषधानं कधी अंगावर पित्त उठलं का, धाप लागली का. मी म्हणालो, एवढं साधं औषध? दुसरीकडं तर अझिथ्रोमायसिनच्या खाली कोणी बोलत नाही. तर म्हणाल्या, अझिथ्रोमायसिन पेनिसिलिन चालत नसलेल्यांसाठी राखून ठेवायचं असतं, आणि त्याला हा जंतू आता कुठं कुठं दाद देत नाही. पेनिसिलिनला मात्र इतकी वर्षं झाली तरी तो अजून दाद देतोच. दहा दिवसांचं सगळं औषध त्यांच्या फीपेक्षा स्वस्त पडलं. मेडिकलवाल्याला पट्टीवरची लाल रेघ दाखवून मी मुद्दाम विचारलं, ही काय? तो म्हणाला, "चिठ्ठीशिवाय द्यायची नाही." आणि माझ्या शेजारचा गिऱ्हाईक त्याच वेळी चिठ्ठीशिवाय तीनची पट्टी घेऊन खिशात घालत होता. असो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरगी उड्या मारायला लागली. आई म्हणाली, बंद करा आता ते कडक औषध. बऱ्याच घरांत इथंच घोळ होतो. मॅडमनी चिठ्ठीमागं दहा चौकोन आखून दिले होते, रोज एक पोरीनं स्वतः रंगवायचा. तिनं आजीलाच दम दिला, "अजून चौकोन राहिलेत की!" शाळेचं विचारलं होतं, तर ताप गेला आणि औषध सुरू होऊन एक पूर्ण दिवस झाला की पाठवा म्हणाल्या. थोरल्याला आणि आम्हाला काही होत नव्हतं, तर आमच्या घशात काडी घालायची गरज नाही म्हणाल्या. लॅबच्या कमिशनवर डोळा असता तर चौघांच्या काड्या झाल्या असत्या.

आणि बर्फाच्या गोळ्याचं काय? हिनं तिथंच विचारून घेतलं, माझ्यावरचा खटला होता ना. हा जंतू माणसाकडून माणसाला येतो, खोकल्या-शिंकण्याच्या थेंबांतून, बर्फातून नाही. उलट दुखऱ्या घशाला गार बरं वाटत असेल तर खुशाल द्या. दही द्या, आइस्क्रीम द्या. आईनं हे ऐकल्यापासून मॅडमच्या डिग्रीवर तिला शंका आहे. मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र नाही. हळद-दुधालाही मॅडमची हरकत नाही, म्हणून आई थोडी निवळली.

आता एक गुण कुठं कापला ते. संध्याकाळची ओपीडी सहाची, मॅडम येतात साडेसहाच्या पुढं. नंबर फोनवर लावत नाहीत, स्वतः जाऊन वहीत नाव घालायचं; त्यामुळं पाचलाच लोक वही धरून बसलेले. बाकडी दोन, माणसं वीस, खिडकी एक, तीही जाळीनं बंद. घसा, खोकला, ताप सगळे मांडीला मांडी लावून. साध्या घशासाठी गेलेला माणूस दुसऱ्याची सर्दी घेऊन येईल अशी सोय आहे. काउंटरवर मास्कचा डबा ठेवलाय, पण कोणी घेत नाही आणि कंपाउंडर कोणाला सांगत नाही. मॅडमसारख्या बाईला हे दिसत नसेल असं नाही. जागा भाड्याची असेल, पण खिडकी उघडायला भाडं लागत नाही.

कंपाउंडरबद्दल लोकांच्या तक्रारी असतात, माझी नाही. पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतले आहेत. नाव मराठीत पुकारतात, उठलं नाही तर तेलुगूत, मग कन्नडमध्ये, तरी नाही उठलं तर पुढचा नंबर. आवाज चांगला आहे, आमच्याकडं आले तर लिलावाला ठेवून घेऊ. सुट्ट्या पैशांवरून मात्र कटकट करतात, फोनवरून पैसे घेत नाहीत. आठवड्याच्या आत परत दाखवायला फी नाही हे बोर्डावर लिहिलेलं आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. चिठ्ठी मोठ्या ठळक अक्षरांत, वाचता येते. फक्त लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि मॅडमकडं गेल्याशिवाय त्यातलं काही कळत नाही.

गाडी समोरच्या गटारावरच्या फरशीवर लावू नका, ती हलते. रविवारी बंद.

आणि काही वेळा इथं जाऊच नका, हे मॅडमनी स्वतः भिंतीवर मराठीत लिहून लावलंय. तोंडातून लाळ गळतेय आणि गिळता येत नाही, तोंडच उघडत नाही, घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज येतोय, श्वास घेताना घरघर होतेय, मान एका बाजूनं सुजलीय, किंवा घशात राखाडी पापुद्रा धरलाय, तर वहीत नाव घालत बसायचं नाही. तसं असेल तर रिक्षा थेट सिव्हिलला, तिथं अपघात विभाग रात्रीही चालू असतो. राखाडी पापुद्र्याच्या ओळीपुढं कंसात 'घटसर्प' लिहिलंय आणि खाली, मुलांचं लसीचं कार्ड सोबत न्या.